खालच्या दाढांची स्थानिक भूल

खालच्या दाढांची स्थानिक भूल म्हणजे खालच्या जबड्यातील मागच्या दातांवर उपचार करण्यापूर्वी तेवढ्याच भागातील वेदना काही काळ थांबविण्याची दंतवैद्यकातील पद्धत होय. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो. त्याला बोललेले समजते, हाताचा स्पर्श व दाबही जाणवतो. दुखणे तेवढे जाणवत नाही. बोलभाषेत या क्रियेला ‘दाढ बधिर करणे’ किंवा ‘सुन्न करणे’ म्हणतात. दाढ काढणे, खोल कीड साफ करून भरणे, रूट कॅनल आणि अक्कलदाढेची शस्त्रक्रिया या सर्व उपचारांपूर्वी ती दिली जाते.

वरच्या दाढा बहुधा सहज बधिर होतात. खालच्या दाढांबाबत मात्र पहिले इंजेक्शन अपुरे पडण्याचे प्रमाण लक्षणीय आहे. ठणकणारी खालची दाढ घेऊन आलेल्या रुग्णात ते सर्वाधिक असते, म्हणजे ज्याला भुलेची सर्वांत जास्त गरज त्यालाच ती सर्वांत कमी लागते. या अडचणीवर औषध बदलून मात करता येईल काय, हा दंतवैद्यकातील जुना प्रश्न आहे. सध्या ही तुलना मुख्यतः लिग्नोकेन आणि आर्टिकेन या दोन औषधांत केली जाते. अमरावती, अकोला आणि एकूणच वऱ्हाडात या प्रश्नाला खर्ऱ्यामुळे आखडलेली तोंडे, उन्हाळ्यातील तीव्र तापमान आणि लांबचा प्रवास अशी स्थानिक परिमाणेही आहेत.

खालची दाढ अवघड का

दोन्ही जबड्यांच्या हाडांत मूलभूत फरक आहे. वरच्या जबड्याचे बाहेरचे हाड पातळ व सच्छिद्र असते. दाताच्या मुळाजवळ हिरडीत औषध टोचले की ते हाडातून झिरपून मुळाच्या टोकाशी पोहोचते आणि दोन-चार मिनिटांत दात बधिर होतो. या पद्धतीला ‘झिरप’ म्हणता येईल. खालच्या जबड्यात, विशेषतः दाढांच्या बाजूला, बाहेरचे हाड जाड आणि घट्ट असते. मुरमाड जमिनीत पाणी लगेच मुरते आणि चोपण जमिनीवर ते साचून राहते, तसा हा फरक आहे. हिरडीत टोचलेले औषध हाडाच्या बाहेरच राहते, मुळापर्यंत पुरेसे जात नाही.

म्हणून खालच्या दाढांसाठी औषध दाढेपाशी न देता तिला संवेदना पुरविणाऱ्या चेतेच्या वाटेवर दिले जाते. चेता म्हणजे संवेदना वाहून नेणारी नस. खालच्या दातांना संवेदना देणाऱ्या मुख्य चेतेला वैद्यकात इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह असे नाव आहे. ती जबड्याच्या उभ्या भागाच्या आतल्या बाजूला असलेल्या एका छिद्रातून हाडात शिरते, हाडातील बोगद्यातून दाढांच्या मुळांखालून पुढे जाते आणि तिची एक शाखा हनुवटीजवळ बाहेर पडून खालच्या ओठाला संवेदना देते. छिद्रात शिरण्यापूर्वी तिच्याभोवती औषध सोडले की त्या बाजूचे सर्व खालचे दात, अर्धा ओठ व हनुवटीचा भाग बधिर होणे अपेक्षित असते. या पद्धतीला चेतारोध म्हणतात. जवळूनच जिभेची चेता जात असल्याने अर्धी जीभही बधिर होते. गालाकडच्या हिरडीची चेता मात्र वेगळी असल्याने तिच्यासाठी आणखी एक छोटे इंजेक्शन लागते. दाढ काढताना ‘दोनदा टोचले’ अशी जी तक्रार रुग्ण करतात, तिच्यामागे बहुधा हेच कारण असते.

चेतारोध अपयशी ठरण्याचे प्रमाण साधारणतः १५ ते २० टक्के मानले जाते. सुईला लक्ष्य दिसत नसते. हाडातील छिद्राची जागा प्रत्येक व्यक्तीत थोडी वर-खाली असते आणि ते छिद्र हाडाच्या एका लहान कंगोऱ्याआड दडलेले असते. काही व्यक्तींत दाढेला दुसऱ्या एखाद्या चेतेकडूनही थोडी संवेदना मिळते. मुख्य चेता रोखली तरी ही आडवाट उघडी राहते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. खालचा ओठ जड झाला, म्हणजे दाढ बधिर झाली, असे रुग्ण समजतो. ओठ बधिर होणे याचा अर्थ औषध चेतेच्या परिसरात पोहोचले, एवढाच आहे. ओठ पूर्ण सुन्न असूनही दाढेचा गाभा, म्हणजे दंतमज्जा, जागी असू शकते. त्यामुळे दाढ उघडण्यापूर्वी तिला थंड स्पर्श देऊन किंवा विजेच्या सौम्य स्पंदाने तपासण्याची पद्धत आहे. ओठ बधिर असताना ‘दुखते’ म्हणणारा रुग्ण घाबरट असतोच असे नाही. तो बहुतेक वेळा खरे सांगत असतो.

दाह झालेली दाढ

निरोगी दाढ आणि रात्रभर ठणकणारी दाढ यांच्यावर भुलेचा परिणाम सारखा होत नाही. कीड गाभ्यापर्यंत गेली की दंतमज्जेला दाह होतो. तो पूर्ववत होण्यापलीकडे गेला, तर रूट कॅनल करणे किंवा दाढ काढणे हेच मार्ग उरतात. अशा दाढेत साध्या चेतारोधाचे यश निम्म्याहून कितीतरी कमी होते.

याचे पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरण आम्लतेचे आहे. भुलेचे औषध चेतेच्या आवरणातून आत शिरण्यासाठी त्याचा काही अंश विद्युतभाररहित रूपात असावा लागतो. दाह झालेल्या ऊती आम्लधर्मी झालेल्या असल्याने हा अंश घटतो आणि औषध चेतेच्या बाहेर अडकते. हे स्पष्टीकरण दाढेजवळच दिलेल्या इंजेक्शनाला लागू पडते. परंतु चेतारोधात औषध दाढेपासून कित्येक सेंटिमीटर मागे, निरोगी ऊतींत दिले जाते. तेथे आम्लता कशी आड येणार? म्हणून आता दुसऱ्या कारणांकडे अधिक लक्ष दिले जाते. दाहामुळे चेतातंतू अधिक उत्तेजनशील होतात आणि त्यांच्या पटलावरील सोडियम वाहिन्यांचे स्वरूप बदलते. काही वाहिन्या अशा असतात की त्या नेहमीच्या भुलेला पुरेशी दाद देत नाहीत. स्थानिक भुलेची सर्व औषधे सोडियम वाहिन्या बंद करूनच काम करीत असल्यामुळे हा बदल निर्णायक ठरतो. शिवाय अनेक रात्रींचे जागरण आणि मनातील धास्ती यांमुळे वेदना सहन करण्याची पातळी खाली आलेली असते.

पूर्वपीठिका

दाढेच्या दुखण्यावर लवंग किंवा लवंगेचे तेल लावण्याचा घरगुती उपाय सर्वत्र परिचित आहे. लवंगेतील युजेनॉल या द्रव्यामुळे दुखरा भाग थोडा बधिर होतो, आणि दंतवैद्यकातही युजेनॉल वापरले जाते. मात्र त्याने दाढ काढण्याइतकी भूल मिळत नाही.

इंजेक्शनने दिल्या जाणाऱ्या स्थानिक भुलेचा इतिहास १८८४ मध्ये सुरू होतो. त्या वर्षी व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेन वापरले. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कमधील शल्यचिकित्सक विल्यम हॅल्स्टेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी खालच्या जबड्याच्या चेतेजवळ कोकेन टोचून दात बधिर केले. आजचा चेतारोध तत्त्वतः तोच आहे. स्वतःवर प्रयोग करताना हॅल्स्टेड कोकेनच्या व्यसनात सापडले, ही या शोधाची दुःखद बाजू होय. १९०५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड आइनहॉर्न यांचे प्रोकेन प्रचारात आले. त्याचे ‘नोव्होकेन’ हे व्यापारी नाव अनेक दशके दंतभुलेचे पर्यायी नावच होऊन बसले होते. प्रोकेनचा परिणाम उशिरा सुरू होई, लवकर ओसरे आणि काहींना त्याची ॲलर्जी होई. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी १९४३ मध्ये लिग्नोकेन तयार केले. १९४८ मध्ये ते बाजारात आले आणि प्रोकेन मागे पडले.

लिग्नोकेन

लिग्नोकेन, म्हणजेच लिडोकेन, हे आजही दंतभुलेचे मानदंड मानले जाते. नवे औषध आले की त्याची तुलना प्रथम याच्याशी होते. भारतात ते बहुधा २ टक्के द्रावणाच्या रूपात, १:८०,००० किंवा १:२,००,००० प्रमाणातील ॲड्रेनलिनसह वापरले जाते. २ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध. ॲड्रेनलिन रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे औषध जागेवर अधिक काळ टिकते आणि रक्तस्रावही कमी होतो. ॲड्रेनलिन नसलेले लिग्नोकेन रक्तवाहिन्या रुंदावते आणि लवकर वाहून जाते. दाढेच्या उपचारासाठी ते एकटे फारसे उपयोगी नाही.

ॲड्रेनलिनयुक्त लिग्नोकेनचा परिणाम दाढेच्या गाभ्यावर सुमारे एक तास आणि ओठ-जिभेवर तीन ते पाच तास राहतो. त्याचे विघटन यकृतात होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २ टक्के लिग्नोकेन व १:८०,००० ॲड्रेनलिन यांचे दंतोपयोगी मिश्रण समाविष्ट आहे. स्वस्तपणा, सर्वत्र उपलब्धता आणि पाऊणशे वर्षांचा अनुभव ही त्याची बलस्थाने आहेत. गरोदर स्त्रियांसाठीही सामान्यतः त्यालाच प्राधान्य दिले जाते.

आर्टिकेन

आर्टिकेन १९६९ मध्ये जर्मनीत तयार झाले, १९७६ पासून तेथील दंतवैद्य ते वापरू लागले आणि २००० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याचे द्रावण ४ टक्के तीव्रतेचे असते, म्हणजे लिग्नोकेनच्या नेहमीच्या द्रावणाच्या दुप्पट. सोबत ॲड्रेनलिन १:१,००,००० किंवा १:२,००,००० प्रमाणात असते.

या औषधाच्या रेणूची घडण वेगळी आहे. दंतभुलेच्या अन्य प्रचलित औषधांत बेन्झिनचे कडे असते. आर्टिकेनमध्ये त्या जागी गंधकयुक्त थायोफीनचे कडे आहे. त्यामुळे ते मेदात अधिक विरघळते आणि ऊतींतून अधिक चांगले पसरते, असे मानले जाते. त्याच्या रेणूतील एक एस्टर बंध रक्तातील विकरांमुळेच तुटत असल्याने औषधाचा मोठा भाग यकृतापर्यंत पोहोचण्याआधीच निष्क्रिय होतो. लिग्नोकेनचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास सुमारे दीड तास लागतो. आर्टिकेनला अर्ध्या तासाच्या आसपास. रेणूत गंधक असल्यामुळे ‘सल्फा’ औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना ते चालत नाही, ही समजूत चुकीची आहे. थायोफीन आणि सल्फा औषधे यांची रचना भिन्न आहे.

तुलना

‘आर्टिकेन लिग्नोकेनपेक्षा चांगले की नाही’ हा प्रश्न जसाच्या तसा विचारला तर उत्तर मिळत नाही. औषध कोठे टोचले यावर ते अवलंबून आहे.

प्रथम चेतारोध. अमेरिकेतील ओहायो येथे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाह झालेल्या खालच्या मागच्या दातांच्या ७२ रुग्णांना आर्टिकेन किंवा लिग्नोकेनचा चेतारोध दिला गेला. वेदना नसणे किंवा अगदी सौम्य असणे हा यशाचा निकष होता. यश आर्टिकेनने २४ टक्के आणि लिग्नोकेनने २३ टक्के मिळाले. फरक जवळपास नाहीच, आणि दोन्ही आकडे निराशाजनक आहेत. सुई योग्य जागी पोहोचली तर लिग्नोकेन पुरते, आणि दाहामुळे चेता दाद देत नसेल तर तीव्र औषधानेही फारसे साधत नाही, असा याचा अर्थ लावता येतो.

झिरप पद्धतीत चित्र पालटते. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील २००६ च्या प्रयोगात ३१ निरोगी स्वयंसेवकांच्या खालच्या पहिल्या दाढेजवळ, गालाच्या बाजूने, दोन्ही औषधे वेगवेगळ्या वेळी टोचली गेली. आर्टिकेनने ६४.५ टक्के, तर लिग्नोकेनने ३८.७ टक्के दाढा बधिर झाल्या. ओहायोतील २००७ च्या प्रयोगात पहिल्या दाढेसाठी हेच आकडे ८७ व ५७ टक्के होते. ज्या जाड हाडातून औषध झिरपत नाही असे अनेक वर्षे शिकविले जात होते, त्यातून आर्टिकेन बऱ्याच प्रमाणात आत जाते, असे या प्रयोगांनी दाखविले. मात्र हे स्वयंसेवक निरोगी दाढांचे होते. ठणकणाऱ्या दाढेला हे आकडे तसेच लावणे योग्य नाही.

म्हणून प्रत्यक्ष व्यवहारात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वेगळाच ठरतो: चेतारोध देऊनही दाढ दुखतेच आहे, तर पुढे काय? या प्रश्नाचे एक उत्तर भारतातूनच मिळाले. दिल्लीतील संशोधक विवेक अग्रवाल व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाह झालेल्या खालच्या दाढांच्या सर्व रुग्णांना आधी लिग्नोकेनचा चेतारोध दिला. त्यानंतर काहींना गाल व जिभेच्या बाजूने औषधाची जोड दिली. केवळ चेतारोधाने ३३ टक्के, लिग्नोकेनच्या जोडीने ४७ टक्के आणि आर्टिकेनच्या जोडीने ६७ टक्के रुग्णांत यश मिळाले. एकतृतीयांशावरून दोनतृतीयांशांपर्यंतची ही वाढ रुग्णाच्या दृष्टीने मोठी आहे. तरीही तिसऱ्या हिश्श्याचे रुग्ण दुखण्यातच राहिले, हेही विसरता येत नाही.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यातही दाह झालेल्या मागच्या दातांसाठी ४ टक्के आर्टिकेन २ टक्के लिग्नोकेनपेक्षा सरस असल्याचे आढळले. परंतु त्यामागील पुरावा सर्वोच्च दर्जाचा मानला गेला नाही.

आर्टिकेनविरुद्धचा मुख्य आक्षेप चेतेला होणाऱ्या इजेचा आहे. भूल उतरल्यावरही जीभ किंवा ओठ अनेक आठवडे, क्वचित कायमचा, सुन्न राहण्याचे प्रकार घडतात. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील नोंदींवर आधारलेल्या १९९५ च्या अभ्यासात ४ टक्के तीव्रतेच्या आर्टिकेन व प्रिलोकेन या औषधांनंतर अशा तक्रारी अधिक आढळल्या. इजा बहुधा जिभेच्या चेतेला होते. ती सुईमुळे होते की तीव्र द्रावणामुळे, यावर अजून मतभेद आहेत. प्रकार अतिशय विरळ असल्यामुळे निर्णायक प्रयोग करणेही कठीण आहे. या वादातून अनेक दंतवैद्यांनी एक व्यवहार्य मार्ग काढला आहे. चेतारोधासाठी लिग्नोकेन वापरायचे आणि जोड म्हणून गालाकडून झिरपीसाठी आर्टिकेन द्यायचे. चेतारोधात आर्टिकेनचा विशेष लाभ नाही आणि धोक्याची शंका तेथेच आहे; झिरपीत लाभ आहे आणि मोठी चेता सुईपासून दूर आहे. उपलब्ध पुराव्याशी हा मार्ग सर्वांत सुसंगत दिसतो.

मात्रेचा हिशेबही वेगळा आहे. आर्टिकेनची कमाल मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅमला ७ मिलिग्रॅम आहे. ५० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीस ती ३५० मिलिग्रॅम होते. १.७ मिलिलिटरच्या एका कार्ट्रिजमध्ये ६८ मिलिग्रॅम औषध असल्याने पाच कार्ट्रिजांनी मर्यादा जवळजवळ गाठली जाते. लिग्नोकेनच्या १.८ मिलिलिटरमध्ये केवळ ३६ मिलिग्रॅम असतात. लहान व कृश मुलांच्या बाबतीत हा फरक डोळ्यांत तेल घालून पाळावा लागतो. चार वर्षांखालील मुलांना आर्टिकेन देण्याची शिफारस नाही.

अन्य औषधे व उपाय

मेपिव्हाकेन ३ टक्के हे ॲड्रेनलिनविना चालते. ॲड्रेनलिन टाळावयाचे असेल तेथे ते उपयोगी, पण दाढेच्या गाभ्यावर त्याचा परिणाम २० ते ४० मिनिटेच राहतो. ब्युपिव्हाकेन ०.५ टक्के सुरू व्हायला वेळ घेते आणि मग अनेक तास टिकते. प्रिलोकेनमुळे रक्तातील हिमोग्लोबिनचे प्राणवायू वाहून न नेणाऱ्या रूपात रूपांतर होऊ शकते.

पहिल्या चेतारोधाने काम झाले नाही, तर तो वेगळ्या पद्धतीने पुन्हा देता येतो. ऑस्ट्रेलियातील गो-गेट्स यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत औषध अधिक उंचावर, जबड्याच्या सांध्याच्या मानेजवळ सोडले जाते. दात व हाड यांमधील बारीक फटीत, थेट हाडात किंवा उघड्या दंतमज्जेत टोचण्याचेही मार्ग आहेत. शेवटचा मार्ग क्षणभर फार दुखतो, पण लगेच लागू पडतो. उपचाराच्या सुमारे तासभर आधी आयबुप्रोफेन दिल्यास चेतारोधाचे यश काहीसे वाढते, असेही अनेक अभ्यासांत आढळले आहे.

वऱ्हाडातील परिस्थिती

वऱ्हाडात दंतवैद्यकाचे शिक्षण व उपचार देणाऱ्या संस्थांमध्ये अमरावती येथील विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय व रुग्णालय आणि अकोल्याजवळ कान्हेरी सरप येथील डॉ. राजेश रामदासजी कांबे दंत महाविद्यालय यांचा समावेश होतो. त्यापूर्वी अवघड दाढांसाठी अनेकांना नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय गाठावे लागे. अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, जे आजही ‘इर्विन’ या जुन्या नावाने ओळखले जाते, आणि अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व सर्वोपचार रुग्णालय ही सामान्य रुग्णांची आधारस्थाने आहेत. खासगी चिकित्सालये दोन्ही शहरांत मोठ्या संख्येने आहेत.

या भागात भुलेपुढील मोठा अडथळा खर्ऱ्याचा आहे. सुपारी, तंबाखू व चुना पन्नीवर घोटून केलेला खर्रा विदर्भात सर्वत्र खाल्ला जातो. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारीचे सेवन थांबले नाही. सुपारीतील द्रव्यांमुळे तोंडाच्या आतील अस्तर हळूहळू पांढरट, कडक आणि दोरीसारखे तंतुमय होते; या विकारास ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. तिखट सोसेनासे होते, मग तोंड उघडणे कमी होत जाते. पुढे दोन बोटेही आत जात नाहीत. हा विकार कर्करोगाकडे झुकू शकतो, हे त्याचे गंभीर अंग आहेच. पण ज्याची खालची दाढ ठणकते आहे त्याच्यापुढे तातडीचा प्रश्न वेगळा असतो. नेहमीच्या चेतारोधासाठी तोंड पूर्ण उघडावे लागते. ते उघडत नाही, म्हणून सुई योग्य जागी नेता येत नाही; आणि नेली तरी कडक झालेल्या ऊतींत औषध नीट पसरत नाही.

अशा रुग्णांसाठी तोंड मिटलेले असतानाच देण्याचा चेतारोध उपयोगी पडतो. १९६० मध्ये सुंदर वझिराणी यांनी व १९७७ मध्ये जोसेफ अकिनोसी यांनी तो स्वतंत्रपणे मांडला. दोघांच्या नावांनी तो आज ओळखला जातो. यात दात मिटलेल्या स्थितीत गाल बाजूला करून, वरच्या दाढांच्या हिरडीच्या पातळीवर सुई सरळ मागे नेली जाते. सुई हाडाला टेकत नसल्याने खोलीचा अंदाज अनुभवावर अवलंबून राहतो. खर्ऱ्याचे व्यसन असलेल्या रुग्णात आर्टिकेनच्या झिरपीलाही वेगळे महत्त्व येते, कारण त्यासाठी गाल थोडा दूर सारता आला तरी पुरते. अर्थात गालच दोरीसारखा ताठ झाला असेल, तर तेही सुकर नसते.

दुसरा प्रश्न उन्हाचा. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि देशातील सर्वांत उष्ण शहरांच्या यादीत त्याचे नाव वारंवार येते. लिग्नोकेन स्वतः उष्णतेला बऱ्यापैकी दाद देत नाही. त्यातील ॲड्रेनलिन मात्र उष्णता व प्रकाशाने निकामी होते. बंद दुकानात, मोटारीत किंवा वीज गेलेल्या खोलीत राहिलेली कुपी बाहेरून चांगलीच दिसते, पण तिच्याने दिलेली भूल लवकर उतरते आणि रक्तही अधिक येते. द्रावणाला गुलाबी वा तपकिरी छटा आली असल्यास ते टाकून द्यावे लागते. उन्हाळ्यात ‘या वेळी भूल नीट लागली नाही’ अशी तक्रार आली, तर औषधाच्या साठवणुकीकडेही पाहणे इष्ट असते.

भारतात लिग्नोकेन ३० मिलिलिटरच्या कुपीतही मिळते आणि ती अनेक रुग्णांसाठी वापरली जाते. ही सोय स्वस्त आहे. मात्र प्रत्येक वेळी नवी सुई व नवी सिरिंज वापरणे आणि कुपीचे रबरी बूच निर्जंतुक करणे अनिवार्य ठरते. काचेचे कार्ट्रिज एकाच रुग्णासाठी असते. आर्टिकेन बहुधा कार्ट्रिजमध्येच येत असल्याने त्यासाठी खास सिरिंज लागते आणि खर्च वाढतो. शासकीय रुग्णालयात किंवा ग्रामीण चिकित्सालयात लिग्नोकेनच प्रथम हाती येण्याचे हे साधे कारण आहे. पुरावा पाहता त्यात रुग्णाचे मोठे नुकसानही नाही. चेतारोधासाठी ते पुरेसे आहे. अडचण जोड देण्याच्या वेळी येते.

अंतराचाही विचार करावा लागतो. मेळघाटातील धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर दूर असून वाट घाटातून जाते. एवढ्या दुरून आलेल्या रुग्णाची अक्कलदाढ काढली आणि भूल परतवाड्याच्या आसपासच उतरली, तर उरलेला प्रवास यातनांचा होतो. येथे ब्युपिव्हाकेनसारखे दीर्घकाळ टिकणारे औषध, किंवा भूल उतरण्याआधीच घेतलेली वेदनाशामक गोळी उपयोगी पडते. गोळीबाबत मात्र सावधगिरी आवश्यक आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खाऱ्या भूजलाच्या गावांत, मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी सातत्याने मांडल्या गेल्या आहेत. मूत्रपिंड कमजोर असलेल्या व्यक्तीस आयबुप्रोफेनसारखी औषधे अपायकारक ठरू शकतात.

विदर्भातील आदिवासी व अन्य काही समाजांत सिकलसेल आजार आढळतो. अशा रुग्णांना प्रिलोकेन टाळले जाते. रुग्णाजवळ सिकलसेल तपासणीचे कार्ड असल्यास ते दंतवैद्यास आधीच दाखविणे हिताचे असते.

रुग्णाने सांगावयाच्या गोष्टी

हृदयविकार, उच्च रक्तदाब, दमा, यकृताचे विकार, गरोदरपण, चालू असलेली औषधे आणि पूर्वी भुलेच्या वेळी आलेला अनुभव यांची माहिती इंजेक्शनपूर्वी द्यावी लागते. हृदयविकाराच्या रुग्णास एका भेटीत ॲड्रेनलिन ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक देऊ नये, असा संकेत आहे. १:८०,००० प्रमाणाच्या एका मिलिलिटरमध्ये ते १२.५ मायक्रोग्रॅम असते, म्हणजे मर्यादा सुमारे ३.२ मिलिलिटरची होते. १:२,००,००० चे द्रावण निवडले तर अधिक मोकळीक मिळते. ॲड्रेनलिन टिकविण्यासाठी द्रावणात सल्फाइट घातलेले असते. काही दमेकऱ्यांना त्याचा त्रास होतो.

‘मला भुलेची ॲलर्जी आहे’ असे सांगणाऱ्या अनेकांना प्रत्यक्षात ॲलर्जी नसते. उपाशीपोटी, घाबरलेल्या अवस्थेत इंजेक्शन घेतल्यावर आलेली भोवळ, किंवा ॲड्रेनलिन थेट रक्तात गेल्यामुळे झालेली छातीतील धडधड, ही पुढे ‘ॲलर्जी’ म्हणून लक्षात राहते. औषध सोडण्यापूर्वी सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येते काय हे पाहणे यासाठीच असते. चेतारोधात सुमारे दहापैकी एका वेळी सुई रक्तवाहिनीत शिरल्याचे दिसते. भोवळीच्या शक्यतेमुळे, मधुमेही रुग्णांनी तर विशेषेकरून, उपाशी न जाणेच चांगले.

भूल उतरेपर्यंत गरम चहा, कडक भाकरी आणि खर्रा टाळावा लागतो, कारण गाल वा जीभ चावली गेल्याचे कळत नाही. लहान मुले सुन्न ओठ गंमत म्हणून चावत राहतात आणि दुसऱ्या दिवशी ओठ सुजून पांढरट चट्टा दिसतो. पालक त्याला संसर्ग समजतात. ही जखम बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपोआप भरते. जीभ किंवा ओठ दुसऱ्या दिवशीही बधिर राहिल्यास त्याच दंतवैद्याकडे परत जाऊन त्याची नोंद करवून घ्यावी. बहुतेक प्रकरणांत संवेदना काही आठवड्यांत परत येते.